आठ टाळकी आणि एक वाघ

वर्गाच्या ग्रुपवर मॅडमनी विचारलं होतं की झूच्या सहलीला सोबत चार पालक हवेत, कोण येईल, आणि मी अर्धवट झोपेत कोणाच्या तरी वाढदिवसाला अंगठा द्यायला गेलो तो नेमका त्या मेसेजला लागला. काढून टाकेपर्यंत तीन आयांनी "वा वा, बाबालोक पण येतायत" म्हणून टाळ्या वाजवून झाल्या होत्या. संपला विषय.

सकाळी बसपाशी मॅडमनी मला आठ मुलं दिली. दिली म्हणजे अक्षरशः दिली, हॉटेलात खोलीची किल्ली देतात तशी. "हे आठ तुमचे. दर दहा मिनिटांनी मोजायचे. बाकी काही करू नका, फक्त मोजा." त्यातली एक माझीच मुलगी होती त्यामुळे मला वाटलं, सातच तर आहेत खरं म्हणजे. हा माझा त्या दिवसातला पहिला गैरसमज.

मूल मोजता येत नाही. म्हणजे एक मूल येतं, आठ नाही. तुम्ही पाचावर पोचेपर्यंत दोन नंबरचा सहाच्या जागी जाऊन उभा असतो, म्हणून कधी सात भरतात आणि कधी नऊ, आणि नऊ भरले की जास्त घाम फुटतो कारण मग हे कोणाचं उचलून आणलं? नावं विचारली होती पण तीन नावं एकमेकांच्या यमकात, पाच मिनिटांत सगळा काला झाला. शेवटी मी आपली सोय केली. डायनोसॉर-बाटली, युनिकॉर्न-बाटली, पुढचे दोन दात पडलेला दातपडका, सतत 'का' विचारणारी प्रश्नावली, आणि एक बारीकसा मुलगा, जो दर वीस मिनिटांनी माझा शर्ट ओढून एकच शब्द बोलायचा. शू. त्याचं नाव तेच पडलं.

शूबद्दल एक सांगतो. एकाला लागली की आठांना लागते, पण एकत्र नाही, लागोपाठ. म्हणजे सगळ्यांना घेऊन जा, सगळे म्हणणार आम्हाला नाही आली. परत येऊन जिराफापाशी उभे राहिलो की दुसरा शर्ट ओढणार. त्या झूमधले प्राणी मला धड आठवत नाहीत, पण तिथल्या तिन्ही टॉयलेटचे नकाशे मी आजही काढून देईन.

वाघाची हवा सगळ्यात जास्त होती. बसमध्ये तासभर डरकाळ्या फोडून झाल्या होत्या. प्रत्यक्षात खंदकापलीकडे झाडाच्या सावलीत एक पिवळी पाठ आणि एक कान. वाघ दिवसाचे सोळा-सोळा तास पडून काढू शकतो, शिकारीला बहुतेक अंधारात निघतो, त्यामुळे सकाळचे अकरा म्हणजे त्याची मध्यरात्रच. हे मी समजावून सांगितलं.

"काका, मेलाय का तो?"

"नाही रे, झोपलाय."

"मग उठवा ना."

"आमचे बाबा पण रविवारी असेच झोपतात," माझी कन्या सगळ्यांना म्हणाली. सगळ्यांनी एकदा वाघाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मग सगळे मिळून शेजारच्या गळक्या नळीकडे वळले. नळीतून कारंजं उडत होतं, ते बघायला आठच्या आठ जण दहा मिनिटं उभे. मी मोजून घेतले. आठ. पहिल्यांदाच.

जिराफापाशी मी आपलं ज्ञान पाजळलं की बघा, एवढी मोठी मान पण त्यात मणके सातच, तुमच्या-आमच्याएवढेच. प्रश्नावलीने लगेच स्वतःची मान चाचपली आणि विचारलं, मग आपल्याला कमी का दिलं? फ्लेमिंगोंचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक कोळंबीतून, हे सांगितल्यावर डायनोसॉर-बाटलीला जाणून घ्यायचं होतं की काय खाल्लं की तो निळा होईल. यानंतर मी माहिती देणं बंद केलं.

दातपडका माकडांच्या पिंजऱ्यासमोर तोंड भरून हसला. आता माकडांच्यात दात दाखवणं म्हणजे बरेचदा दमदाटी असते, तिथला दांडगा नर एकदम जाळीवर येऊन आदळला आणि बदल्यात आपले हे एवढे सुळे दाखवले. मला वाटलं पोरगं रडणार. ते म्हणालं, "काका, याचे पुढचे आहेत." आणि हिरमुसून बाजूला झालं.

पण खरं सुख अजगराने दिलं. काचेपलीकडे वेटोळं घालून पडला होता, डोळे उघडे. युनिकॉर्न म्हणाली, चला, पहिले डोळे कोण मिटतं बघू. आठही जण काचेला नाक लावून बसले. काचेवर वाफेचे आठ गोल. बोलणं नाही, ढकलाढकली नाही, शूसुद्धा नाही. मी बाकावर टेकलो, पाय पसरले. सापाला पापण्याच नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, म्हणजे तो या जन्मात डोळे मिटणार नाही हे मला चांगलं माहीत होतं, पण मी का सांगू? पोरं डोळ्यांत पाणी येईस्तोवर टक लावून हरत होती आणि परत पहिल्यापासून सुरू करत होती. बारा मिनिटं. मग माझ्याच मुलीने शेजारची पाटी मोठ्याने वाचली. घरात एक अक्षर वाचायला मागत नाही!

पाणघोड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो शेणाचा विषय आहे. तो मागची बाजू आमच्याकडे करून उभा राहिला आणि शेपटी पंख्यासारखी फिरवत चौफेर शिंपण केलं. ही त्यांची पद्धतच आहे म्हणे. मुलांनी टाळ्या वाजवल्या, वन्समोअर मागितला, आणि सहल वसूल झाल्याचं जाहीर केलं.

चार वाजता गेटपाशी जमलो, आठ भरले, मी देवाचे आभार मानले आणि युनिकॉर्न रडायला लागली. बाटली अजगरापाशी राहिली होती. मुलं मॅडमच्या हवाली करून मी एकटाच परत धावलो, बाटली मिळाली, आणि येताना बघतो तर वाघ उठलेला. खंदकाच्या अगदी काठाने येरझाऱ्या घालत होता, एकेक पंजा ताटलीएवढा, आणि टाकताना आवाज म्हणून नाही. मी हातात गुलाबी बाटली धरून उभा. तो थांबला, माझ्याकडे बघितलं, मग शांतपणे पाठ फिरवली, शेपटी वर केली आणि मागच्या झुडपावर एक सणसणीत पिचकारी मारली. वाघ आपली हद्द अशीच आखतो. पण मला दिवसभराच्या सवयीने वाटलं, अरे, यालाही आली.

तेवढ्यात लाउडस्पीकर बोलला. निळी टोपी घातलेले एक पालक हरवले आहेत, मुलं गेटपाशी वाट बघत आहेत.

बसमध्ये चढलो तर माझे आठही जण दारात उभे. दातपडक्याने माझ्या पोटावर बोट टेकवलं आणि मागे ओरडून सांगितलं, "नऊ! सापडले!"

"काका, कुठे होतात?"

"वाघ बघत होतो. उठला होता."

अख्खी बस गप्प. "काय करत होता?"

मी खरं काय ते सांगितलं. बस सुटून जेमतेम पाच मिनिटं झाली होती. आणि मग माझा शर्ट मागून कोणीतरी हळूच ओढला.