पडलेल्या माणसाचा फोटो : प्रशांतरावांना उत्तर

प्रशांतराव, नमस्कार.

ऑक्टोबरफेस्ट या म्युनिकमधल्या बिअरच्या उत्सवावरच्या लेखात मी पिऊन पडलेल्यांचे फोटो टाकले नाहीत, याला तुम्ही 'जर्मनीत राहून आलेलं सोवळं' म्हटलंत. तुमचं म्हणणं असं, की भर रस्त्यात पडणाऱ्याला खासगीपणाचा हक्क उरत नाही; उलट फोटो फिरला तर लाजेखातर पुढच्या वेळी तरी तो बेतानं पिईल. मला हे अजिबात पटत नाही. का, ते सांगतो.

म्युनिकच्या त्या मैदानाच्या कडेला, तंबूंच्या मागे, गवताचा एक उतार आहे. तंबूत बिअर लिटरच्या मगात येते आणि ती सहा टक्क्यांच्या आसपासची, नेहमीच्या बिअरपेक्षा कडक. सवय नसलेली पोरं दुपारीच त्या उतारावर येऊन आडवी होतात. अशांना तिथे 'बीअरलाइशं' म्हणतात, म्हणजे बिअरचं प्रेत. चारच्या सुमाराला एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा तिथे पालथा पडला होता. चामड्याची अर्धी चड्डी, एका पायात बूट नाही, तोंड गवतात. त्याला कुशीवर वळवायला कुणी पुढे होत नव्हतं, पण तीन मोबाइल त्याच्यावर रोखलेले होते. त्यातला एक माझा. तेवढ्यात वैद्यकीय पथकातली एक मुलगी आली आणि मला म्हणाली, "फोन ठेवा, त्याचे पाय धरा." त्याला पिवळ्या कापडाचं छत असलेल्या चाकांच्या स्ट्रेचरवर घातलं आणि छत पूर्ण ओढून घेतलं. गर्दीतून जाताना आतलं कुणाला काही दिसत नव्हतं.

हे नुसतं सौजन्य नाही, कायदाही तेच सांगतो. जर्मन फौजदारी संहितेच्या कलम 201अ मध्ये 2015 साली भर घातली गेली : एखाद्याची असहाय अवस्था लोकांपुढे मांडणारा आणि त्याच्या अगदी खासगी आयुष्यात घुसणारा फोटो परवानगीशिवाय काढणं किंवा पुढे पाठवणं हा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. जागा सार्वजनिक होती, ही सबब तिथे आपोआप चालत नाही. या विचाराची मुळं फार जुनी आहेत. 1898 मध्ये जर्मनीचा माजी चॅन्सेलर (सरकारप्रमुख) बिस्मार्क वारला, त्या रात्री दोन छायाचित्रकार त्याच्या खोलीत घुसले आणि प्रेताचा फोटो काढून विकायला निघाले. त्या प्रकरणानंतर, 1907 च्या कायद्यानं ज्याची प्रतिमा त्याची संमती, हे तत्त्व आणलं.

तंबूतल्या गर्दीचा फोटो मी सगळ्यांना विचारून टाकला का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. नाही विचारलं. त्याच 1907 च्या कायद्यात जमावाच्या फोटोला सूट आहे. तरी कडेच्या टेबलावरचे दोन चेहरे फार स्पष्ट आलेत, ते आज धूसर करतो.

आता लाजेचं. माझा एक चुलतभाऊ गटारीला एसटी स्टँडवर पडला होता. कुणीतरी फोटो काढला, खाली 'गटारीच्या हार्दिक शुभेच्छा' लिहिलं आणि सोडून दिला. संध्याकाळपर्यंत तो पुतणीच्या शाळेतल्या पोरांच्या ग्रुपवर पोचला. ती तेव्हा आठवीत होती. पंधरा दिवस ती शाळेत गेली नाही. भावाचं पिणं सुटलं नाही, फक्त मित्रांत बसणं सुटलं. आता दार लावून एकटाच पितो, आणि आता त्याला 'बस कर' म्हणणारंही कुणी समोर नसतं. लाजेनं आमच्या घरात एवढंच केलं, प्रशांतराव.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई आहे, पण ते शरीराच्या खासगी भागांपुरतं. ओकारीत माखलेला चेहरा त्यात बसत नाही. गोव्याच्या पर्यटन खात्यानं जानेवारी 2023 मध्ये, अनोळखी लोकांचे, विशेषतः उन्हात पहुडलेल्या किंवा समुद्रात पोहणाऱ्यांचे फोटो न विचारता काढू नका, अशी सूचना काढली. मला ती मनापासून आवडली. शुद्धीत असलेला निदान 'नको' म्हणू शकतो. पडलेल्याला तेही जमत नाही. म्हणून त्याच्यासाठी नियम जास्त कडक हवा.

आणि तुम्ही शेवटी मूळ फोटो मागितलेत. तंबूतले हवे तेवढे पाठवतो. उतारावरचा एक होता, तो मी त्याच संध्याकाळी पुसून टाकला.