फेणीवरची चार विधाने आणि त्यांतली खोट

काजूचा हंगाम सुरू झाला की गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी आणि सीमेपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. त्यात चार विधाने एकामागून एक गुंफलेली असतात. फेणी ही नवसागरासारखी रसायने घालून काढलेली हातभट्टीची दारू आहे. म्हणूनच केंद्र सरकारने गोव्याबाहेर तिच्यावर बंदी घातली आहे. गोव्याने भौगोलिक मानांकन मिळवून काजूच्या मद्याचा हक्क स्वतःकडे ठेवला, त्यामुळे सिंधुदुर्गातला बोंडू, म्हणजे काजूचे रसाळ फळ, झाडाखाली कुजतो. आणि या मक्तेदारीच्या जोरावर गोव्यातला काजू बागायतदार गब्बर झाला आहे. मजकूर लिहिणाऱ्याची बोंडूबद्दलची कळकळ खरी असेलही, पण ही चारही विधाने तपासल्यावर टिकत नाहीत.

रसायनाचा आरोप करणाऱ्याने एखादी चालू भट्टी पाहिलेली नसावी, असे वाटते. फेणीसाठी बोंडू झाडावरून ओढून काढत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप गळलेला बोंडूच टोकाला खिळा बसवलेल्या काठीने वेचतात, पिरगाळून त्याची बी वेगळी करतात आणि मग तो कोळमीत, म्हणजे खडकात कोरलेल्या उथळ कुंडीत, पायांनी तुडवतात. उरलेल्या चोथ्याचा गोल ढीग वेलीने आवळून बांधतात व त्यावर दगड ठेवतात, तेव्हा जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस भांड्यात ठेवला की फळावरच्या नैसर्गिक किण्वामुळे तो आपोआप फसफसतो; त्यात साखर, गूळ किंवा नवसागर घालण्याची गरज पडत नाही. हा आंबलेला रस भाणात, म्हणजे भट्टीच्या हंड्यात, घालून लाकडाच्या जाळावर उकळला की पहिल्या धारेचा हुर्राक मिळतो. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के असतो आणि तो टिकत नसल्याने मार्च ते मेपर्यंतच मिळतो. हुर्राक पुन्हा रसाबरोबर उकळून जी निघते ती फेणी, आणि बाटलीबंद फेणीत मद्यार्काचे प्रमाण ४२.८ टक्के असते. नवख्याला नाक मुरडायला लावणारा तिचा उग्र वास पिकलेल्या बोंडूचा आहे, रसायनाचा नव्हे.

भेसळ होत नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. स्वस्त स्पिरिटात थोडी फेणी मिसळून ती फेणी म्हणून खपवली जाते, ही गोव्यातल्या भट्टीवाल्यांचीच जुनी तक्रार आहे, आणि बिनलेबलाच्या कॅनमधून घेणाऱ्याने ती गंभीरपणे घ्यावी. परंतु भेसळीचा दोष मूळ पदार्थावर लादता येत नाही. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, ते मिथेनॉल मिसळल्यामुळे. त्या दुर्घटनेची छायाचित्रे फेणीवरच्या मजकुराला जोडणे हा निव्वळ खोडसाळपणा आहे.

केंद्राच्या बंदीबद्दल थोडक्यात सांगता येईल. मद्याचे उत्पादन, ताबा, वाहतूक आणि विक्री हा घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा ८ वा विषय आहे; त्यावरचा अबकारी कर ही त्याच सूचीतली ५१ वी नोंद आहे. मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा करातूनही बाहेर ठेवलेले आहे. त्यामुळे फेणीवर देशव्यापी बंदी घालणारा केंद्राचा हुकूम कोणी दाखवू शकणार नाही. खरी अडचण वर्गवारीची आहे. गोव्याच्या अबकारी कायद्यात फेणी दीर्घकाळ ‘देशी मद्य’ या वर्गात होती, आणि एका राज्याचे देशी मद्य दुसरे राज्य आपल्या बाजारात सहसा येऊ देत नाही. २०१६ साली गोव्याने कायदा दुरुस्त करून फेणीला वारसा मद्याचा दर्जा दिला खरा, पण गोव्याने दिलेला दर्जा शेजारच्या राज्याच्या उत्पादन शुल्क विभागावर बंधनकारक नसतो.

तिसरे विधान सर्वांत जास्त पटते आणि म्हणूनच सर्वांत जास्त घातक आहे, कारण त्यामुळे दोन शेजारी जिल्ह्यांतले शेतकरी विनाकारण एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. गोव्याच्या काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे खरे. मात्र १९९९ च्या ज्या कायद्याखाली ते मिळाले, तो नावाचे रक्षण करतो. फळावर, कृतीवर किंवा भट्टीवर कोणाची मालकी प्रस्थापित करत नाही. दार्जिलिंग चहाला २००४ साली देशातले पहिले मानांकन मिळाले म्हणून आसामात चहाचे मळे बंद पडले नाहीत. वेंगुर्ल्याच्या काजूलाही स्वतःचे मानांकन आहे, पण म्हणून पेडण्यात काजू भाजणे बेकायदा ठरलेले नाही. तेव्हा सिंधुदुर्गात कोणी रीतसर परवाना घेऊन बोंडूचे मद्य काढले, तर गोव्याचे मानांकन त्याच्या आड येत नाही. त्याने आपल्या बाटलीवर मानांकनाने राखलेले नाव लिहू नये, एवढेच. (माडाची फेणी तर या मानांकनात येतच नाही, रेंदेर, म्हणजे माडाची सूर काढणारे, कमी होत चालल्याने तिचीच स्थिती अधिक बिकट आहे.)

सिंधुदुर्गातल्या बोंडूचा मार्ग अडला तो महाराष्ट्राच्या दारूबंदी अधिनियमाखालील परवान्यांच्या चौकटीत. त्या चौकटीत बदल करणेही महाराष्ट्राच्याच हाती होते, याचा पुरावा म्हणजे २०२२ साली तिथल्या मंत्रिमंडळाने काजूबोंडे आणि मोहफुले यांपासूनच्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी’ मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. मानांकन खरोखरच अडसर असते, तर हा निर्णय निरर्थक ठरला असता. आणि परवाना मिळाला तरी बोंडूचा स्वभाव बदलत नाही. त्याचे वजन बियेच्या सहा ते दहा पट असते, गळल्यावर तो दिवसभरात आंबू लागतो, आणि डोंगरउतारावरून तो वेचून भट्टीपर्यंत पोहोचवायला माणसे मिळत नाहीत. तो गोव्यातही कुजतो.

राहता राहिला गब्बर बागायतदार. काजू बागायतीचे उत्पन्न मुख्यत्वे बीवर चालते, आणि तिचा दर आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया इथून येणाऱ्या कच्च्या काजूच्या भावाशी बांधलेला असतो. भट्टीच्या बाजूने पाहिले तर अबकारी खाते काजूचे विभाग ठरवून त्यांची पावणी, म्हणजे लिलाव, करते. पावणी घेणाऱ्याला आगाऊ रक्कम मोजावी लागते आणि जेमतेम तीन महिन्यांत ती वसूल करावी लागते. पुष्कळशी फेणी सुटीच विकली जाते, आणि तिथे भाव घेणारा ठरवतो, काढणारा नव्हे. बाटलीवर चांगले लेबल लावून पर्यटकाला विकणाऱ्याच्या हाती चार पैसे अधिक येत असतील, पण तो क्वचितच बागायतदार असतो. फेणीने बागायतदाराचे घर भरले असते, तर बियेच्या आधारभूत किमतीसाठी त्याला सरकारचे दार ठोठवावे लागले नसते.