अ‍ॅपच्या कोपऱ्यात असतात त्या तीन रेघांच्या (☰) मेनूमागे अजून काय काय लपवणार आहात?

अ‍ॅप पतसंस्थेचं आहे. सभासद कोण, तर शेतकरी, किराणा दुकानदार, निवृत्त शिक्षक. त्यांना बघायचंय खात्यात शिल्लक किती आहे, पैसे पाठवायचेत, कर्जाचा हप्ता भरायचाय आणि पासबुक हवंय. चार कामं! स्क्रीनच्या तळाला चार टॅब द्या, प्रत्येक आयकॉनखाली स्पष्ट नाव लिहा, विषय संपला. पण नाही. दर मीटिंगला कुणीतरी म्हणणारच, "ते सगळं तीन रेघांत टाका ना, स्क्रीन क्लीन दिसेल."

क्लीन कुणासाठी? हप्ता भरणाऱ्या माणसासाठी, की मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर मॉकअप, म्हणजे स्क्रीनचं नमुनाचित्र, बघणाऱ्यांसाठी?

आणि एवढं करून ती जागा मोकळी राहते का? तिथे अध्यक्षांचा फोटो आणि संदेश, खाली सोनेतारण कर्जाचं सरकतं बॅनर, त्याखाली वार्षिक सभेची क्षणचित्रं. म्हणजे शिल्लक लपवायची आणि हारतुरे दाखवायचे! संताप येतो तो याचा. कुठल्याच संचालकाला "तुमची गोष्ट पहिल्या स्क्रीनवर येणार नाही" असं तोंडावर सांगायची कुणाची तयारी नाही. मग निर्णय टाळायचा आणि उरलेलं सगळं माळ्यावर सामान फेकावं तसं मेनूत कोंबायचं. तुम्ही जे ठरवलं नाही ते आता सभासदाने शोधत बसायचं.

वर पुन्हा, "सगळ्या मोठ्या अ‍ॅपमध्ये तीन रेघा असतात." अहो, कुठल्या जमान्यात आहात? ते चिन्ह डिझायनर नॉर्म कॉक्स यांनी झेरॉक्स स्टारसाठी रेखाटलं, १९८१ साली, माउसने चालवायच्या कॉम्प्युटरवर. फेसबुकने आयफोनवरचा तो बाजूचा मेनू २०१३ मध्येच काढून खाली टॅब आणले. स्पॉटिफायने २०१६ मध्ये तेच केलं. त्याच वर्षी गूगलने मटेरियल डिझाइन या आपल्या डिझाइन नियमावलीत तीन ते पाच मुख्य ठिकाणांसाठी बॉटम नेव्हिगेशन, म्हणजे तळाचे टॅब, आणले. आपली तर चारच आहेत! वापरसुलभतेवर संशोधन करणाऱ्या नीलसन नॉर्मन ग्रुपने २०१६ मध्ये वेबसाइटांवर १७९ लोकांची चाचणी घेतली, त्यातही लपवलेला मेनू लोक कमी वापरतात आणि उशिरा वापरतात हेच निघालं. हे सगळं मी मीटिंगमध्ये मांडलं. उत्तर काय मिळालं? "आपले युजर वेगळे आहेत."

वेगळे आहेतच! म्हणून तर जास्त जपायला हवं. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात साडेसहा इंची फोन, आणि मेनू कुठे? वर डाव्या कोपऱ्यात, उजव्या हाताचा अंगठा जिथे पोचतच नाही. मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, स्टेशनवर, बसमध्ये फोन वापरणाऱ्या लोकांच्या १,३३३ नोंदी केल्या, त्यातले जे स्क्रीनला बोट लावत होते, त्यांपैकी ४९ टक्के एका हाताने वापरत होते. तेव्हा फोन आतापेक्षा लहान होते.

यावर प्रॉडक्टवाल्यांचा तोडगा असा, की कडेवरून बोट सरकवलं की मेनू उघडेल. अँड्रॉइड १० पासून, फोनमध्ये बटणांऐवजी जेश्चर चालू असतील तर, कडेवरून सरकवणं म्हणजे मागे जाणं. माणूस मेनू उघडायला जाणार आणि मागच्या स्क्रीनवर फेकला जाणार, नाहीतर अ‍ॅपच बंद होणार. पैसे पाठवताना असं झालं तर त्याच्या पोटात गोळा येतो. "गेले का माझे पैसे?" ही भीती तुम्ही कधी बघितली आहे का?

मराठी लेबलांचं तर विचारूच नका. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने ठरवलेली, त्यामुळे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. सांगितलं की म्हणे, "मग नुसते आयकॉन ठेवू." अरे, उंची वाढवा ना! हप्त्याचा आयकॉन कसा असतो, काढून दाखवा मला.

मी एकच मागणी केली होती. कुठल्याही एका शाखेत जाऊ, चार-पाच सभासदांच्या हातात दोन्ही नमुने देऊ आणि गप्प बसून बघू. एका सकाळचं काम. "वेळ नाही." बॅनरच्या रंगावर वाद घालायला मात्र अख्खी दुपार मिळते!

आणि हे निस्तरणार कोण? मीटिंगमधलं कुणीही नाही. शाखेत काउंटरवर बसलेली मुलगी निस्तरणार. समोर रांग लागलेली असताना फोन कानाला लावून ती दिवसभर सांगत राहणार, "काका, वर डावीकडे तीन रेघा दिसतात का? नाही, त्या नाही. त्याच्याही वर."