परीक्षकांवाचून ‘मास्टरपीस’

यंदाच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, आमच्या गावातील एका ज्येष्ठ विणकराचा सत्कार होणार असून सन्मानपत्राचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांनी विणलेल्या करवतकाठी साडीचा उल्लेख ‘मास्टरपीस’ असाच झाला पाहिजे, असा समितीचा आग्रह आहे. या शब्दाशी माझे वैर नाही. तो ज्या सढळ हाताने वाटला जातो, त्याला माझी हरकत आहे. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकाचा पडदा एकदाही उघडलेला नसतो आणि पत्रकात ते मास्टरपीस ठरलेले असते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरील छायाचित्रालाही हल्ली हाच मान मिळतो (छायाचित्रातील व्यक्तीबद्दल मी काही बोलत नाही).

सतराव्या शतकाच्या आरंभी हा शब्द इंग्रजीत रुळू लागला, तो डच आणि जर्मन कारागिरांच्या शब्दांच्या धर्तीवर. आणि त्या कारागिरांच्या लेखी त्याचा अर्थ ‘आयुष्यातील सर्वोच्च कृती’ असा नव्हता. युरोपातील जुन्या शहरांत धंद्याधंद्यांचे संघ असत, त्यांना गिल्ड म्हणत. मुलगा आधी उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करी, पुढे मजुरीवर काम करणारा कारागीर होई, आणि स्वतःची कार्यशाळा थाटायची असेल तर त्याला आपल्या हातची वस्तू संघातील उस्तादांपुढे तपासणीसाठी ठेवावी लागे. ती वस्तू म्हणजे मास्टरपीस. सोळाव्या शतकात जर्मनीतील न्युरेंबर्ग शहरात सोनारांच्या संघाने यासाठी तीन कामे नेमून दिली होती: कोलंबाइन नावाच्या फुलाच्या घाटाचा पेला, खडा बसवलेली सोन्याची अंगठी आणि पोलादात कोरलेला मुद्रेचा ठसा. घडाई, जडाई आणि कोरीवकाम या तिन्हींत हात बसला आहे की नाही, हे त्यातून उघड होई. म्हणजे मास्टरपीस हा कारकिर्दीचा कळस नव्हे, तर स्वतंत्र धंद्याचा उंबरठा होता. आणि ती वस्तू उत्तीर्ण झाली की नाही, हे ठरवणारी माणसे त्याच धंद्यातील होती.

आयुष्यभराच्या कामातील सर्वांत मोठ्या कृतीसाठी ‘मॅग्नम ओपस’ हा वेगळा लॅटिन शब्दप्रयोग आहे. तो बहुधा मागे वळून पाहताना वापरला जातो. आपण दोन्हींची सरमिसळ करतो. अर्थात खुद्द इंग्रजांनीही मास्टरपीसचा अर्थ केव्हाच सैल केला, त्यामुळे त्याचा सगळा दोष फ्लेक्सवाल्यांच्या माथी मारता येणार नाही.

शब्दाचा अर्थ बदलतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातून परीक्षक हद्दपार झाला, हे मात्र मला खटकते. करवतकाठी साडीला तीन धोटे (आडवे सूत नेणारी मागावरची साधने) लागतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. काठाचे रंगीत सूत आणि अंगाचे कोसा रेशीम विणतानाच एकमेकांत अडकवत जावे लागते, तेव्हा कुठे काठावर करवतीचे दात उमटतात. आपण साडी पाहतो ती रंगावरून आणि पदरावरून. जाणता विणकर ती आधी उलटी करतो, सांध्यावरून अंगठा फिरवतो, दात कुठे लहानमोठे झाले, काठ कुठे ओढला गेला, हे पाहतो आणि बराच वेळ काही बोलत नाही. सत्काराच्या व्यासपीठावर बसणाऱ्यांपैकी एकालाही हे पाहता येत नाही, मलाही नाही.

म्हणून मी मसुद्यात तो शब्द तूर्त कोरा सोडला आहे. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी आणि पवनी भागातील जुन्या विणकरांना ही साडी आधी दाखवावी, त्यांनी मान डोलावली तर ‘मास्टरपीस’ खुशाल ठळक अक्षरांत छापावे आणि सन्मानपत्राखाली प्रमुख पाहुण्यांच्या सहीशेजारी त्यांच्याही सह्या घ्याव्यात, असे मी समितीला लेखी कळवले आहे. काहींना हे नसते लचांड वाटते, कारण पाहुण्यांची तारीख ठरलेली आहे आणि छापखाना थांबायला तयार नाही. ज्यांचा सत्कार आहे त्या विणकरांना स्वतःला मात्र ही कल्पना पसंत पडली; साडी कोणाकोणाला दाखवायची, ती नावेही त्यांनीच सुचवली, आणि त्यांत त्यांच्या कामाला नेहमी नावे ठेवणारे एक गृहस्थ पहिले आहेत.