पाणीखात्यातली बिनपगारी नोकरी

परसात माशांचा हौद असावा, संध्याकाळी काठावर चहा घेत बसावं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी आधीच सांगतो: ही पाणीखात्यातली बिनपगारी नोकरी आहे. रजा नाही. तक्रारदार बोलतही नाहीत, नुसते तोंड उघडून वर येतात.

हौद ६ बाय ४ आणि अडीच फूट खोल धरा. पाणी झालं १७०० लिटर. नवं सिमेंट चुना सोडत राहतं, म्हणून तीन-चारदा भरून ओतून द्यायचं. घरातून विचारणा होतेच, "आता टँकर मागवू का?" त्यानंतरही मासे चारच सोडायचे. त्यांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला ४ ते ६ आठवडे घेतात. तो स्पंज नळाखाली लख्ख धुतला की क्लोरीनने सगळी वस्ती उठलीच! हौदातलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळायचा, मळकटच ठेवायचा. ज्यांना भांडी चकचकीत लागतात त्यांच्या हाती तो देऊ नये.

खरी परीक्षा मे महिन्यात. रोज बादलीभर पाणी नुसतं उडून जातं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात शेवाळं दिवसा तो देतं आणि रात्री स्वतःच वापरतं. म्हणून पहाटे मासे वर येऊन गपागपा तोंड हलवतात. बघणाऱ्याला वाटतं भूक लागली, तो मूठभर खाद्य टाकतो, ते कुजतं आणि उरलासुरला प्राणवायूही खातं. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच, तेही ऊन चढल्यावर. पंप मात्र रात्रभर हवा, आणि वीज नेमकी रात्रीच जाते. मग तांब्याने पाणी उंचावरून ओतत बसायचं. शेजाऱ्यांना अभिषेक चाललाय असं वाटतं, वाटू द्यावं.

पावसाळ्यात उलटं. ओव्हरफ्लोच्या तोंडावर सपाट जाळी लावली तर आंब्याची दोन पानं ती बंद करतात आणि गोल्डफिश अळूच्या वाफ्यात सापडतात. फूटभर पाइपला बारीक भोकं पाडून, टोक बंद करून तो बसवावा. बेडकांची रात्रपाळी मात्र कुठल्याच पाइपने थांबत नाही.

थंडीत खाणं निम्म्यावर आणायचं. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर कमळाची कुंडी बाहेर काढायची आणि लिटरला २ ग्रॅम खडे मीठ विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घालायचं. हिशेब ३ किलो ४०० ग्रॅमचा होतो. किराणावाला विचारतो, "जानेवारीत कैऱ्या कुठं मिळाल्या?"

आणि बाराही महिने खंड्या. जाळं पाण्यापासून फूटभर वर, ताणून बांधावं. सैल सोडलं तर तो त्यावरच बसतो आणि जाळ्यासकट खाली झुकून निवांत निवड करतो.