'सगळे सुखरूप' असं कळवायची घाई करू नका

गाडी उलटली त्या दिवशी संध्याकाळी पाच चाळीसला मी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "येताना गाडी पलटी झाली. महाराजांच्या कृपेने सगळे सुखरूप. काळजी करू नका." तो मेसेज मी अजून काढलेला नाही. मी तो टाईप करत होते तेव्हा सासूबाईंच्या मानेतला दुसरा मणका मोडलेला होता. आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही. त्या समोर दगडावर बसून चहा पीत होत्या.

चार महिने झाले. आता त्या बऱ्या आहेत, म्हणून लिहायचं धाडस करतेय. लांबलंय, पण शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

नारायणपूरला दत्ताचं दर्शन घेऊन कापूरहोळमार्गे पुण्यात धायरीला घरी येत होतो. दीर गाडी चालवत होते, हे त्यांच्या शेजारी. मागे एका खिडकीशी मी, दुसऱ्या खिडकीशी मुलगी आणि मध्ये सासूबाई. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. त्याला जागा द्यायला दीरांनी गाडी बाजूला घेतली आणि डावी चाकं डांबर सोडून साईडपट्टीवर उतरली. साईडपट्टी कसली, वीतभर खोल खड्डाच आणि आत भुसभुशीत माती. वेग साठच्या आसपास असेल. गाडी वर घ्यायला त्यांनी स्टीअरिंग जोरात ओढलं, चाक डांबराच्या कडेला अडलं, मग एकदम वर चढलं आणि गाडी आडवी फिरली. त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. प्रसादाचा नारळ माझ्या तोंडासमोरून गेला. पाण्याची स्टीलची बाटली कशावर तरी आपटत राहिली. मग सगळं थांबलं. सीट डोक्याच्या वर होती आणि छत खाली.

मुलगी आणि मी बेल्टला लटकत होतो. सासूबाईंना बेल्ट नव्हता. त्या खाली छतावर पडल्या होत्या, पाय माझ्या तोंडापाशी.

शेजारच्या शेतातली चार-पाच माणसं हातातलं काम टाकून धावत आली. त्यांच्याबद्दल मी एक वावगा शब्द बोलणार नाही, त्यांचे उपकार फिटणार नाहीत. पण त्यांनी तेच केलं जे आपण सगळेच करतो. "आज्जी, या भाईर, काय न्हाई झालं तुमाला," म्हणत दोघांनी सासूबाईंना काखेत धरून खिडकीतून ओढून काढलं, उभं केलं, चार पावलं चालवलं आणि दगडावर बसवून चहा दिला. ह्यांनी घाईघाईत स्वतःचा बेल्ट काढला आणि सगळं वजन घेऊन खाली खांद्यावर आदळले. हासळीचं हाड (कॉलरबोन) मोडलं ते तेव्हा. गाडी पलटताना नाही, थांबल्यावर. ते कळवळत होते, म्हणून आमचं सगळं लक्ष त्यांच्याकडे गेलं. सासूबाई म्हणाल्या, "मला काही नाही गं, मान जरा धरलीय. तू त्याच्याकडे बघ."

वाटेतल्या एका दवाखान्यात ह्यांचा हात गळ्यात बांधला. सासूबाईंची मान दाबून बघितली, मुका मार आहे म्हणून सांगितलं आणि लावायला मलम दिलं. आम्ही घरी आलो. मी त्यांची दृष्ट काढली.

रात्री दोनदा त्या बाथरूमला उठल्या. दोन्ही वेळा मी पाहिलं. गादीवरून उठताना त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरलं, एक हात हनुवटीखाली आणि एक मागे अंबाड्यापाशी, आणि एखादी भरलेली कळशी उचलावी तसं ते डोकं जपून वर उचललं. मला वाटलं, घाबरल्यात म्हणून असं करतायत. मी म्हटलंसुद्धा, "आई, इतकं जपू नका, आखडेल मान." हे वाक्य माझं मला अजून टोचतं.

सकाळी खालच्या मजल्यावरची फिजिओथेरपिस्ट मुलगी चौकशीला आली. सासूबाई तिच्यासमोर तशाच डोकं धरून उठायला लागल्या. तिचा चेहराच बदलला. "काकू, झोपा. अजिबात हलू नका." १०८ ला फोन तिनेच केला. सीटी स्कॅनमध्ये मणका मोडलेला निघाला. हाडाचा तुकडा जागेवरून फारसा सरकला नव्हता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं की मानेच्या वरच्या भागातला मणका मोडला की माणूस आपोआप स्वतःचं डोकं हाताने तोलतो. ती घाबरल्याची नव्हे, मोडलेल्या मानेची खूण असते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. उलटलेल्या गाडीतून माणूस चालत बाहेर आला म्हणजे त्याला काही झालं नाही, असं नसतं. आपण पुणेकर रोज पेपरात 'गाडी पलटी, तिघे किरकोळ जखमी' वाचतो आणि पान उलटतो. २० नोव्हेंबर २०२२ ला नवले पुलाजवळ एका ट्रकने पाठोपाठ कितीतरी गाड्या ठोकल्या तेव्हाही आपण मोजत होतो गाड्या. त्या 'किरकोळ'चं दुसऱ्या दिवशी काय होतं, याची बातमी येत नाही.

समोरासमोर धडक झाली तर मार एकदा आणि एकाच दिशेने बसतो. पलटी होताना गाडी काही सेकंद गडगडत राहते आणि अंग डावीकडे, उजवीकडे, वर, खाली फेकलं जातं. त्यात छत चेपून आत येतं. बेल्ट नसला तर डोकं छतावर आपटतं आणि मागून सगळ्या धडाचा भार मानेवर येतो. विहिरीत पाणी कमी असताना सूर मारणाऱ्या पोरांची मान मोडते ना, तसंच. बेल्ट नसलेला माणूस शेजारच्यावर आदळून त्यालाही जखमी करतो. खिडकीतून बाहेर फेकला गेला आणि गाडी अंगावर आली, तर मग बोलायलाच नको. "एअरबॅग आहेत की" म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, पुढच्या एअरबॅग समोरच्या धडकेसाठी असतात. पलटी होताना त्या उघडतीलच असं नाही.

आणि पोट. दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच तपासलं, तेव्हा ह्यांच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण होता, त्याचीही गाडी पलटलेली. दिवसभर तो डावा खांदा दुखतोय म्हणत होता, घरचे बाम चोळत होते. खांद्याला काहीच झालेलं नव्हतं. फुटली होती प्लीहा, पोटात डाव्या बरगड्यांखाली असते ती. पोटात रक्त साचलं की त्याची कळ डाव्या खांद्यात येऊ शकते, हे मला पन्नाशीत कळलं. माझ्या मुलीच्या पोटावर बेल्टचा लालनिळा वळ उमटला होता. तेवढ्यावरून डॉक्टरांनी तिला चोवीस तास ठेवून घेतलं. बेल्टने जीव वाचतो, पण पोटावर वळ असेल तर आतड्याला मार लागलेला असू शकतो आणि तो एक-दोन दिवसांनी डोकं वर काढतो. देवदयेने तिला काही निघालं नाही. पण पोट दुखणं, उलटी, चक्कर, हातापायाला मुंग्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून उठवलं तरी नीट जागं न होणं, यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हाच लिहून घेतली. मानेचा एक्स-रे किंवा स्कॅन कुणाचा काढायचा, याचे नियम कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये बांधून दिले आणि ते जगभर वापरले जातात. त्यात पहिले प्रश्न असे : वय ६५ किंवा जास्त आहे का? अपघात मोठा होता का, म्हणजे गाडी पलटी झाली का, माणूस बाहेर फेकला गेला का? हातापायाला मुंग्या आहेत का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर तपासणी करायचीच. रुग्ण चालतोय का, बसतोय का, हे त्यानंतर विचारायचं. सासूबाई ७१ वर्षांच्या, आणि गाडी पलटलेली. दोन 'हो' आम्ही सोबत घेऊन फिरत होतो आणि बघत होतो फक्त त्या चालतायत का ते.

तर असा प्रसंग समोर आला तर आधी गाडी बंद करा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. आग, धूर, पाणी यांचा धोका नसेल आणि माणूस श्वास घेत असेल तर ओढून काढू नका. एकाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून ते जसं आहे तसं स्थिर धरा. प्रश्न विचारताना आधीच सांगा, "मान हलवू नका, तोंडाने बोला." कुणी बेल्टला उलटं लटकलेलं असेल तर खांद्याला आणि कमरेला खालून दोघांचा आधार दिल्याशिवाय बेल्ट सोडू नका. पाणी नको, चहा तर नकोच, ऑपरेशन करावं लागू शकतं. पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार म्हणून गाडी पुढे नेऊ नका. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे, मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत तसं कलमच घातलंय, १३४-अ. पैशाचं म्हणाल तर मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे, रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळायला हवेत. दवाखान्यात मागा.

आता बेल्टबद्दल. मागच्या सीटवरही बेल्ट लावणं कायद्याने बंधनकारक आहे, हजार रुपये दंड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री गेले ते मागच्या सीटवर बेल्टशिवाय बसलेले असताना. तेव्हा आठवडाभर सगळ्यांनी बेल्ट लावले. आमच्या गाडीत मधल्या सीटचा बेल्ट होता, पण त्याचं बकल सीट कव्हरखाली दडपलेलं होतं. गाडी घेतली त्या आठवड्यात कव्हर शिवून घेतले, तेव्हापासून ते कधी दिसलंच नाही. आज खाली जाऊन तुमच्या गाडीची मागची सीट चाचपून बघा. बेल्टची पिरपिर बंद करायला नुसतीच क्लिप लावून ठेवणारे तर माझ्याच नात्यात आहेत. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या क्लिपा विकायची बंदी केली. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपा करून फेकून द्या.

सासूबाईंची मान बारा आठवडे कडक कॉलरमध्ये होती. रात्रीसुद्धा. भाकरी करताना तव्याकडे खाली बघता येत नाही म्हणून पहिल्यांदा रडल्या, दुखण्याने नाही. देवघरातल्या समईची वात त्यांना दिसेना, म्हणून मी समई स्टुलावर ठेवली.

दुसरी गाडी घेतल्यावर नाना पेठेत कव्हर बसवायला गेले. "मागच्या बकलांना भोकं पाडा," म्हटलं. तो म्हणाला, "ताई, मागे कोणी लावत नाही हो, फिनिशिंग जाईल." तिन्ही भोकं कापून होईपर्यंत मी तिथे उभी होते. सासूबाई अजून त्या मागच्या सीटवर बसलेल्या नाहीत. दवाखान्यात जायचं तर पुढे बसतात, आणि गाडी सुरू व्हायच्या आधी दोनदा बेल्ट ओढून बघतात.