रुग्णालय कंपनीला दिलं की कारभार सुधारतो?

‘सरकारी रुग्णालयं खासगी कंपन्यांना चालवायला द्या, महिन्याभरात शिस्त लागेल’ असा मजकूर सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यात दावे तीन: खासगी व्यवस्थापन मुळातच सरस, सरकारी यंत्रणा सुधारूच शकत नाही, आणि खासगीत कामं झटपट होतात. केसपेपरच्या रांगेत तासन्‌तास ताटकळलेल्या माणसाचा संताप रास्तच आहे. पण सुचवलेला उपाय चुकीचा आहे.

पहिला दावा. इंग्लंडने हे करून पाहिलंय. हंटिंग्डनचं हिंचिंगब्रुक रुग्णालय कर्जात रुतलं होतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते ‘सर्कल’ या कंपनीला दहा वर्षांच्या कराराने चालवायला दिलं. सुरुवातीला कौतुकही झालं. मात्र करारात एक कलम होतं: तूट भरायला पदरचे ५० लाख पौंडांहून जास्त घालावे लागले, तर कंपनी बाहेर पडू शकते. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. त्याच सुमारास तपासणीत रुग्णालयाला सर्वांत खालचा शेरा मिळाला. तूट आणि रुग्ण पुन्हा सरकारी आरोग्यसेवेकडे. कंपनीला निघून जाता येतं. तिथल्या रुग्णांनी कुठे जायचं?

दुसरा दावा तर तामिळनाडूकडे पाहिलं तरी टिकत नाही. १९९४ मध्ये त्या राज्याने औषधखरेदीसाठी स्वतःचं महामंडळ काढलं. खरेदी एकत्र, गोदामं जिल्ह्याजिल्ह्यांत. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक मिळतं. गोदामातून जेवढी औषधं उचलली, तेवढी रक्कम त्यातून वजा. त्यामुळे जे खपतं तेच मागवलं जातं. औषधं वाटण्याआधी त्यांचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. औषधाच्या पट्टीवर सरकारी शिक्का असतो, म्हणजे ती मागच्या दाराने दुकानात विकणं अवघड. मालकी पूर्ण सरकारी आहे, आणि नंतर इतर राज्यांनी हीच पद्धत उचलली.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात खासगी रुग्णालयांतली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, सरकारीत १४.३ टक्के. दोन्हीकडच्या रुग्ण सारख्या नसतात, हे मान्य. तरी एवढी तफावत निव्वळ गरजेपोटी नाही. नको असलेली शस्त्रक्रिया कितीही झटपट उरकली, तरी तिला कार्यक्षमता म्हणता येणार नाही.

खासगी म्हणजे वाईटच, असंही नाही. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय खासगी विश्वस्त संस्थेचं आहे, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांत त्याने घालून दिलेली पद्धत जगभर अभ्यासली जाते. पण तिथे नफा वाटून घेणारे भागधारक नाहीत, हे त्या मजकुरात कुणी लिहीत नाही.

महाराष्ट्रात औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली, २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण आणलं. एक घडी बसण्याआधीच दुसरी घातली. मागणी करायचीच असेल तर ही करा: प्रत्येक जिल्हा रुग्णालयातला औषधसाठा आणि रिकामी पदं दर महिन्याला दर्शनी भागात लावा.